पाहुणेपणाचे ऋण

प्रवासाहून परतलेल्या माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, ‘काय काय पाहिलेत?’ मलाक्का, नॉम पेन्ह, लुआंग प्राबांग आणि क्योतो या चार गावी मिळून एक वर्ष काढून मी परतले, तेव्हा मलाही तो विचारण्यात आला, आणि पहिले काही आठवडे मी हौसेने उत्तरे देत राहिले. पण सांगता सांगता माझे मलाच अवघडल्यासारखे होऊ लागले. परक्याच्या घरात शिरून तेथील सामान मोजावे आणि परत येऊन त्याची यादी चारचौघांत वाचून दाखवावी, तसे काहीसे आपण करीत आहोत असे वाटू लागले. ‘काय पाहिले’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे; तो मला कोणी विचारला नाही. जे पाहिले ते पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? आणि त्यापोटी मी कोणाचे काय देणे लागते?

हा प्रश्न मला सुचावा याला एक घरगुती कारण आहे. आमचे घर पणजीच्या मळ्यात, फोंताईन्हासला लागून. या भागातील जुन्या घरांचे रंग आता इतके प्रसिद्ध झाले आहेत की सकाळी दार उघडावे तो कोणीतरी अनोळखी माणूस आपल्याच पायरीवर निरनिराळ्या मुद्रा करून उभा असतो. बल्कांवावर वाळत घातलेल्या कपड्यांची त्याला चित्रात अडचण वाटते. घरातले म्हातारे माणूस मात्र चित्रात हवे असते. या लोकांविषयी मी वर्षानुवर्षे कुरकुर केली आहे. ‘हे आमचे घर आहे, देखावा नव्हे’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर साठवलेले पैसे घेऊन मी जग पाहायला निघाले, तेव्हा हे वाक्य तेवढे घरी विसरले.

मलाक्का येथे मी परकी आहे असे मला प्रथम वाटलेच नाही. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कने दुसऱ्याच वर्षी मलाक्का घेतले. संत फ्रान्सिस झेवियरचा देह १५५४ साली गोव्यास आला, त्यापूर्वी काही महिने तो तेथील टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेला होता. तेथील पोर्तुगीज वस्तीतील एका वृद्धाने खिडकीकडे आणि टेबलाकडे बोट दाखवून आपल्या क्रिस्तांग बोलीतले शब्द उच्चारले, तेव्हा त्यांत आमच्या कोंकणीतील ‘जनेल’ आणि ‘मेज’ ओळखून मला भरून आले. लागलीच मी त्यांच्या घराची, अंगणाची आणि त्यांची स्वतःची छायाचित्रे काढली. ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली, असे मी धरून चालले. नातेवाइकाच्या घरीही विचारल्यावाचून कपाट उघडायचे नसते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

नॉम पेन्हमध्ये पाहण्याचे दुसरेच रूप भेटले. तुओल स्लेंग ही मुळात शाळा. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या अमलात तिचा तुरुंग झाला. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या गेल्या, आणि तेथे आणलेल्या हजारो माणसांपैकी मोजकीच जिवंत राहिली. जन्मभर शाळेत वावरलेल्या मला ते जिने चढणेही कठीण झाले. आत कैद्यांची छायाचित्रे ओळीने लावली आहेत. ती तुरुंगवाल्यांनीच, माणूस आत आणताना काढलेली. कॅमेरा तेथे गुन्ह्याचे एक हत्यार होता, आणि आज तीच चित्रे त्या गुन्ह्याची साक्ष आहेत. तेथून बाहेर पडताना एवढे उमगले की पाहणे ही गोष्ट स्वभावतः चांगलीही नाही आणि वाईटही नाही. काही ठिकाणी पाठ फिरवणे हाच अन्याय ठरतो. आपल्याकडे कोणी पाहावे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येते काय, यावर सारे अवलंबून असते.

पण माझा खरा धडा लाओसमध्ये व्हायचा होता. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरील लुआंग प्राबांग १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. परवान्याची मुदत वाढवून घेऊन मी तेथे पावसाचे तीन महिने राहिले. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या विधवा. त्यांची नात इंग्रजी शिकत होती, तीच आमची दुभाषी. रोज पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, भिक्षू आणि बालश्रामणेर अनवाणी पायांनी, एका ओळीत, न बोलता रस्त्याने येतात, आणि लोक दारापुढे बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताची एकेक चिमूट घालतात. मालकीणबाई हे लहानपणापासून करीत आलेल्या. तांदूळ रात्री भिजत घालायचे, पहाटे अंधारात उठून ते वाफवायचे, बांबूच्या करंडीत भात भरायचा आणि खांद्यावरून उपरणे घेऊन दारात बसायचे.

दुसऱ्याच दिवशी मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर रस्त्यावर बसले. चित्र फार उत्तम आले. पावसाने ओला रस्ता, केशरी वस्त्रांची रांग, वर उचललेला सुरकुतलेला हात आणि त्या हातामागे दहा-अकरा वर्षांच्या एका श्रामणेराचा चेहरा. खोलीवर येऊन पाहिले तेव्हा ध्यानात आले की तो पोरगा माझ्याकडेच पाहत होता, आणि दचकला होता. भिक्षूंपासून अंतर राखावे, त्यांच्यावर उजेड पाडू नये, अशा सूचना त्या गावात लावलेल्या आहेत. त्या मी वाचल्या होत्या. त्या इतरांसाठी आहेत, असे मला वाटले होते. मी तर घरातलीच होते ना!

मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मीच नातीमार्फत क्षमा मागितली, आणि भरपाई म्हणून म्हटले, उद्यापासून मीही तुमच्याबरोबर बसून भात घालीन. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ‘तुला घालावासा वाटत असेल तर बस. आम्हाला बरे वाटावे म्हणून बसायचे असेल तर बसू नकोस. आतून पाहा. आतून पाहिले तरी चालते.’

त्यानंतर मी खिडकीआडून, दिवा न लावता पाहत असे. पहिल्या दिवशी मला केवळ रांग दिसली होती. आता मालकीणबाईंचा दुखरा गुडघा दिसू लागला. शेवटच्या पोरांना भात कमी पडू नये म्हणून करंडीच्या तळाशी राखलेली मूठ दिसू लागली. आणि त्याच पोरांनी पुढे रस्त्याच्या कडेला बसलेल्या गरीब मुलांच्या टोपलीत घातलेला घास दिसू लागला. चौथ्या आठवड्यात एके पहाटे मी स्वयंपाकघरात गेले आणि भात वाफवायला लागले. दारात बसले नाही.

वर्षावास संपताना तेथे दिव्यांनी उजळलेल्या नावा नदीत सोडतात. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात निघणाऱ्या आमच्या नावांची मला आठवण झाली, आणि ती मी मालकीणबाईंना सांगितली. त्यांनी बारकाईने चौकशी केली: नावा कशाच्या, कोण करतो, पोरे भांडतात का. वर्षभरात मी कोणाला काही दिले असेल तर ते एवढेच. निघताना मी भाड्यावर काही रक्कम जास्त ठेवली. ती त्यांनी मोजून परत केली आणि वाटेसाठी केळीच्या पानात भात बांधून दिला.

माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे, हे आपणांस ठाऊक असते. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथ्याची भर घालते: मनुष्यांचे ऋण. ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडायचे. ज्याने आपल्याला आसरा दिला त्यालाच तो परत करावा, अशी येथे अट नाही. पितृऋण बापाला परत करून फिटत नाही, पोराला वाढवून फिटते, तसेच हेही. लुआंग प्राबांगचे देणे मला तेथे फेडता येणार नाही. ते पणजीतच फेडावे लागेल.

कोणी म्हणेल, प्रवासी पैसे मोजतो, हिशेब पुरा होतो. हा आक्षेप हलका नाही. गोव्यातही पुष्कळ चुली पाहुण्यांमुळे पेटतात. पण पैसे दिले जातात ते खोलीचे. पहाटेच्या दानाचे किंवा दारात बसलेल्या म्हातारपणाचे भाडे कोणी ठरवलेले नसते, कारण ते विकायला ठेवलेलेच नसते. दुसरा कोणी म्हणेल, मग घरीच बसावे. तेही मला पटत नाही. बुद्धाने भिक्षूंना फिरत राहायला सांगितले आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याचा नियमही घालून दिला. आपला चातुर्मास त्याच जातीचा. पावसात फिरताना कोवळी रोपे आणि बारीक जीव तुडवले जातात, हे त्या नियमाचे कारण सांगितले आहे. प्रवाशाच्या पायाखाली काय येते याचा विचार इतक्या पूर्वी झालेला होता. आपण फिरणे तेवढे उचलले आणि थांबणे सोडून दिले.

वर्षाचे शेवटचे महिने क्योतोत गेले. तेथील गिऑन भागातल्या खासगी गल्ल्यांत छायाचित्रे काढण्यास २०१९ साली रहिवाशांनी बंदी केली आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या. काही प्रवासी त्या पाट्यांवर रागावत. मला मात्र त्या पाहून मळ्यातील आमची पायरी आठवली. घरी विसरलेले माझेच वाक्य तेथे परक्या लिपीत लिहिलेले होते.

परतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एके दुपारी दोन तरुण प्रवासी सरीतून पळत येऊन आमच्या बल्कांवावर उभे राहिले. मी खुर्च्या दिल्या, चहा केला. त्यांतील मुलाने मोबाइल वर धरून ‘एक फोटो घेऊ का?’ असे विचारले. मी ‘नको’ म्हटले. त्याने तो खिशात ठेवला, आणि पाऊस ओसरेपर्यंत आम्ही बोलत बसलो. त्या दिवसापासून माझी कुरकुर संपली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर कोणी उभे दिसताच ती पुन्हा सुरू झाली. मनुष्यऋण एका चहाने फिटत नाही.

या लेखासोबत छापण्यासाठी संपादकांनी छायाचित्र मागितले होते. लुआंग प्राबांगचे ते चित्र अजून माझ्याजवळ आहे. ते पुसून टाकण्याचे धैर्य मला झालेले नाही, आणि छापायला देण्याचेही झाले नाही. ज्याला विचारायचे तो पोरगा दूर आहे. एव्हाना कदाचित मोठाही झाला असेल. तोवर ते माझ्याजवळ त्याची ठेव म्हणून राहील.