झिजणारा गोटा

घुबडाला गोटा मारू नये, हे आमच्या वऱ्हाडात लेकरू चालायला लागलं की शिकवलं जायचं. पूर्णेकाठच्या म्हाताऱ्या सांगत, "नोको मारू बे त्याले! तो गोटा झेलते, नदीवर नेते अन् पान्यात घासत बसते. जसा जसा गोटा झिजन, तसा तसा तू झिजशीन." हे ऐकलं की हातातला गोटा आपसूक खाली पडे. चिमण्यांवर गलोल ताणणारी पोरं कडूनिंबाच्या ढोलीतल्या पिंगळ्याच्या वाटेला जात नसत.

भ्यावं असं या पाखरात आहे तरी काय? पिंगळा म्हणजे साळुंकीएवढा जीव. दिवस कलला की ढोलीच्या तोंडाशी येतो, पिवळे डोळे वटारून मान वर-खाली करतो. कोठ्याच्या आढ्यावर बसणारं गव्हाणी घुबड मोठं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं. दोघांचेही डोळे आपल्यासारखे समोर असतात, म्हणून ते टक लावून पाहतात असं वाटतं. पण त्या बिचाऱ्याला डोळे खोबणीत फिरवताच येत नाहीत. म्हणून तो मान फिरवतो, पार पाठीमागे. आपल्या मानेत मणके सात, त्याच्या मानेत चौदा. गव्हाणी घुबडाचा एक कान वर, एक खाली. त्यामुळे काळोखात उंदीर कुठं खुडबुडला ते त्याला नेमकं कळतं. पंखांची कड फणीसारखी, म्हणून उडताना आवाज नाही. ज्याला आपण अवलक्षण म्हणतो, ती सारी त्याची रातपाळीची अवजारं.

आपला न्यायही पाहा. पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या पिंगळ्याला सुपात धान्य घालायचं, भविष्य विचारायचं. आणि ज्या पाखराचं नाव त्यानं घेतलं ते घरावर ओरडलं की हुसकायचं. लक्ष्मीचं वाहन म्हणून चित्रात हात जोडायचे; आणि त्याच लक्ष्मीच्या लोभापायी दिवाळीच्या सुमारास काही ठिकाणी त्याचाच बळी द्यायचा. कायद्यानं हा गुन्हा आहे, तरी चोरून चालतो.

आता प्रश्न असा, की भीतीपोटी न मारलेल्या गोट्याला पुण्य म्हणायचं का? शिकलेली माणसं म्हणतात, ही अंधश्रद्धा. मान्य. पण त्या भीतीनं पाखरं वाचवली, हेही खरं. भीती गेली, ते बरंच झालं. तिच्या जागी काय आलं?

आलं ते उपयोगाचं गणित. घुबड उंदीर खातं, तूर-हरभरा वाचवतं, म्हणून ते शेतकऱ्याचा मित्र. हेही खरंच आहे. पण मैत्री नफ्यापुरती असली की स्वस्त उपाय सापडताच ती तुटते. उंदरांचं औषध आलं आणि मित्राची गरज सरली. यातल्या काही औषधांनी उंदीर लगेच मरत नाही. सुस्त होऊन धुऱ्यावर रेंगाळतो, घुबडाला अलगद सापडतो, आणि ते विष त्याच्या पोटात जातं. इथं कोणी गोटा मारलेला नसतो, त्यामुळे कोणाला पाप लागल्यासारखंही वाटत नाही.

आणि ज्याचा उपयोगच आपल्याला ठाऊक नाही, त्याचं काय? रानपिंगळा 1884 नंतर 113 वर्षं कोणा अभ्यासकाला सापडला नाही. तो संपला असंच धरलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला, दिवसाउजेडी फांदीवर बसलेला. पुढं आमच्या मेळघाटातही आढळला. इतकी वर्षं तो कोणाच्या भीतीवर जगला नाही की कोणाच्या हिशेबावर. रान उभं होतं, तेवढं त्याला पुरलं.

म्हणून मला वाटतं, घुबडाला जगू द्यायला त्याची भीती लागू नये आणि त्याचा फायदाही लागू नये. त्याची रात्र त्याची आहे, एवढं कारण बास आहे. म्हाताऱ्यांच्या गोष्टीतली भीती टाकून दिली तरी एक गोष्ट उरते: आपल्या हातून सुटलेली वस्तू जिथं पडते तिथंच संपत नाही. त्यांनी तिला गोटा म्हटलं. आज कृषी केंद्रातून आणलेल्या पुडीलाही तेच लागू आहे. म्हाताऱ्यांनी निदान आपल्याला थांबून विचार करायला लावलं होतं.