हंडी कुणाची, उजेड कुणाचा?

मशीद रंगवायला काढली की छताला टांगलेल्या जुन्या काचेच्या हंड्यांचा प्रश्न हमखास निघतो. कोलाड-रोह्याकडच्या एखाद्या जमातीत हा विषय आला की दोन तट पडणारच. तरणी पोरे म्हणतात, एलईडी लावा, भंगार काढा. म्हातारे म्हणतात, वाडवडिलांची निशाणी आहे, हात लावू नका. आम्हांला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

हंडी मुळात तेलाची. अर्धे पाणी, वर तेलाचा थर, त्यात तरंगती वात. पुढे वीज आली. (मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालते आणि तेच पाणी कुंडलिकेतून कोलाडवरून वाहते, ती वीज मात्र मुंबईसाठी होती!) मग वायर घालायला कुणी काचेलाच भोक पाडले, कुणी हंड्या उतरवून माळ्यावर टाकल्या.

ज्याने हंडी वक्फ केली त्याने काय दिले, काच की उजेड? मशिदीत पहिल्यांदा दिवे लावणारे तमीम दारी, असे इब्न माजांच्या संग्रहात येते. दिव्याच्या घडणीविषयी तिथे अवाक्षर नाही. तेव्हा बल्ब लावल्याने वक्फ मोडत नाही. पण वस्तूही अमानतच. आपण कोकणातले लोक शाफई. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी ‘मिन्हाज’मध्ये मशिदीच्या चटया झिजल्या, तुळया मोडून जळणापुरत्याच उरल्या, तर त्या विकायला मुभा दिली आहे. नुसती साखळी तुटलेली हंडी यात कुठे बसते?

दुरुस्तीतही इमान लागते. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखूही यावा. आपण पितळ तेजाबाने घासून लखलखीत करतो आणि त्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असेल तर तेही पुसतो. त्या मरहूमाला फरक पडत नाही, त्याचा हिशेब दुसरीकडे आहे. फरक आपल्याला पडतो.

छत गळते, मकतबच्या मुलांना बसायला धड सतरंजी नाही, आणि हंडीवर खर्च? हा आक्षेप खरा आहे. छत आधीच व्हावे. तोवर हंडी कापडात गुंडाळून पेटीत ठेवावी आणि मुतवल्लींनी वहीत लिहावे: हंड्या किती, तडा कुठे, कोणाची साखळी नाही. दुरुस्ती नातवंडांनी केली तरी चालेल. भंगारवाल्याच्या तराजूत गेलेली हंडी मात्र त्यांना कुठून आणून देणार?