फळ कोण देतं?

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या अगदी शेवटी, एक छोटा वाद येतो. कर्माचं फळ देतं कोण? जैमिनींचं म्हणणं, धर्मच देतो, म्हणजे केलेलं कर्मच देतं. त्यासाठी वेगळा दाता मानायची गरज नाही. बादरायणांचं म्हणणं, फळ ईश्वराकडून येतं. चार सूत्रांचा हा मामला. कोल्हापुरात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना हा भाग आला की मुलांना तो कोरडा वाटायचा. यज्ञ, स्वर्ग, अपूर्व, यांच्याशी त्यांचं काय नातं? मग मी ऑस्करचं उदाहरण घ्यायला लागले, आणि वर्ग भांडायला लागला. निवृत्त झाल्यावरही ते भांडण माझ्या मनातून गेलेलं नाही. पारितोषिकांवरून आपण जे चिडतो, ते जैमिनी बरोबर असावेत म्हणून चिडतो, असं मला वाटतं.

जैमिनींच्या परंपरेतल्या मीमांसकांपुढची अडचण खरी होती. यज्ञ आज संपतो आणि फळ मिळतं मरणानंतर. संपून गेलेली गोष्ट पुढे कधीतरी फळ कशी देणार? म्हणून त्यांनी मधे 'अपूर्व' नावाची एक अदृश्य शक्ती मानली. कर्म संपलं तरी ती उरते आणि वेळ आली की फळते. शंकराचार्यांचा यावरचा आक्षेप सरळ आहे. कर्म काय किंवा अपूर्व काय, दोन्ही अचेतन. कोणाचं कर्म कोणतं, त्याचं फळ कुठे आणि कधी द्यायचं, हे जाणणारा कोणी असल्याशिवाय फळ नेमक्या माणसापर्यंत पोचणार नाही. दात्याला कर्म ठाऊक असलं पाहिजे. या एका अटीपाशी मी पुन्हा पुन्हा येते.

चित्रपटाच्या चाहत्याचं मन मात्र जैमिनीय असतं. अभिनय उत्तम झाला आहे ना, मग पारितोषिक मिळालंच पाहिजे; मधे दुसरं कोणी यायचं कारण नाही. माझा भाचा दर जानेवारीत नामांकनं जाहीर झाली की फोन करतो. "आत्या, हिचं नाव यादीत आलंच कसं? सरळ अन्याय आहे." त्याच्या आवाजात खेळात हरल्याचा राग नसतो. जगाचा हिशेब चुकला, असं त्याला वाटतं. मी त्या रागाला हसत नाही. चांगल्या कामाचं चांगलं व्हावं ही अपेक्षा माणसानं सोडली, तर धर्मातलं आणि नीतीतलं बरंच काही तिच्याबरोबर जाईल.

पण जुने हिशेब उघडून बघावेत. 1975 साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर 'हॅरी अँड टोंटो'साठी आर्ट कार्नी यांना मिळालं. समोर 'द गॉडफादर पार्ट टू'मधला अल पचिनो होता आणि 'चायनाटाऊन'मधला जॅक निकल्सनही. पचिनोला ते मिळालं 1993 साली, 'सेंट ऑफ अ वुमन'साठी. जुनं देणं उशिरा फेडलं, असं तेव्हापासून आजवर बोललं जातं. पण त्या वर्षी समोर 'माल्कम एक्स'मधला डेन्झल वॉशिंग्टन होता. मग डेन्झलला मुख्य अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं 2002 साली, 'ट्रेनिंग डे'साठी, आणि त्या यादीत 'इन द बेडरूम'मधले टॉम विल्किन्सन होते. मुलगा गमावलेला बाप त्यांनी ज्या संयमानं उभा केला आहे, तो माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत मोठा अभिनय होता. एकाचं संचित दुसऱ्याच्या खात्यातून फेडायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. कर्मसिद्धान्तात असं होत नाही. तिथे ज्याचं त्यानंच भोगायचं असतं. माणसं फळ वाटायला बसली की मागची चूक सुधारताना पुढची करतात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनात न्यायाचीच भावना असते. मतदार एकत्र बसून असं ठरवतात असंही नाही. प्रत्येकजण एकटा, गुप्तपणे मत देतो. तरी एकूण निकाल कोणीतरी जुनी वही काढून लिहिल्यासारखा दिसतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी 1963 साली न्याय आणि पात्रता यांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक भेद इथे उपयोगी पडतो. नियमानुसार ज्याला जास्त मतं, पारितोषिकावर हक्क त्याचा. त्याची पात्रता होती की नाही, हा वेगळा प्रश्न. कार्नींचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. पचिनोची पात्रताही कोणी पुसू शकत नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. हक्क आणि पात्रता एकच असावीत असा आपला आग्रह असतो, आणि तसं घडवून आणायला लागतो सर्वज्ञ दाता. ऑस्कर देणारी, दहा हजारांच्या आसपास मतदार असलेली अकादमी सर्वज्ञ नाही. मग प्रश्न उरतो तो शंकराचार्यांचा: दात्याला कर्म कळतं तरी कसं?

मराठी माणसानं या प्रश्नाचा अनुभव 2004 साली घेतला आहे. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार, म्हणून ती जायच्या आधी त्याला जग दाखवू पाहणारा आजोबा. अरुण नलावडे आणि लहानगा अश्विन चितळे. चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला आणि मग सगळ्यांना कळलं की तिथे पाठवणं ही नुसती सुरुवात असते. लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, मतदारांनी येऊन बघावं म्हणून खटपट करायची. त्याला पैसा लागतो आणि तो निर्मात्यांकडे नव्हता. तेव्हा सामान्य लोकांनी वर्गणी काढली. नामांकन मिळालं नाही. 'श्वास'ची पात्रता त्या वर्गणीनं एका रुपयानंही वाढली नव्हती, आणि नामांकन हुकल्यानं कमीही झाली नाही. तरीही लोकांनी पैसे दिले, कारण चांगलं काम आपोआप फळत नाही, ते दात्याच्या डोळ्यांपुढे न्यावं लागतं, हे त्यांना बरोबर समजलं होतं. जैमिनींविरुद्ध याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

आता त्याच प्रश्नाची दुसरी बाजू. जानेवारी 2023 मध्ये 'टू लेस्ली' या छोट्या चित्रपटासाठी अँड्रिया राइझबरो हिचं नाव सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत आलं आणि गदारोळ झाला. चित्रपटाला प्रेक्षक जवळजवळ मिळालेच नव्हते आणि जाहिरातीला पैसा नव्हता. पण दिग्दर्शकाच्या आणि नायिकेच्या ओळखीतल्यांनी आपल्या ओळखीतल्यांना कळवलं, आणि ग्विनेथ पॅल्ट्रो, केट विन्स्लेट, एडवर्ड नॉर्टन यांच्यासारखी माणसं तिच्या कामाबद्दल जाहीरपणे बोलू लागली. अभिनयाची नामांकनं अभिनेतेच ठरवतात. पाच जागा असतील तर साधारण एक षष्ठांशाहून थोडी जास्त पहिल्या पसंतीची मतं मिळाली की जागा पक्की होते. तेवढी तिला मिळाली. 'द वुमन किंग'मधली व्हायोला डेव्हिस आणि 'टिल'मधली डॅनिएल डेडवायलर या दोघी मात्र राहिल्या. अकादमीनं प्रचाराची चौकशी केली. समाजमाध्यमांवरच्या काही गोष्टी काळजीच्या वाटल्या, पण नामांकन कायम राहील, असं 31 जानेवारीला जाहीर झालं.

हे नामांकन अपात्र होतं का? त्या आठवड्यात जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक पत्रं, ओळखी आणि नियम यांच्याबद्दल होतं. दारूपायी लॉटरीचे पैसे आणि मुलगा दोन्ही गमावलेली टेक्ससमधली ती बाई राइझबरोनं कशी उभी केली, यावर फार थोड्यांनी लिहिलं. मी तो चित्रपट पाहिला. काम अस्सल आहे, कुठेही कणव मागत नाही. ओळखीच्या जोरावर मतं मिळवणं मला पटत नाही. मोठ्या स्टुडिओनं पैशाच्या जोरावर तेच करणंही पटत नाही, आणि त्याला मात्र आपण प्रचार म्हणून सोडून देतो. तरी एक गोष्ट मला नाकारता येत नाही. या नामांकनासाठी ज्यांनी मतं दिली, त्यांना काम बघण्याचाच आग्रह झाला होता.

ईश्वरावरसुद्धा पक्षपाताचा आरोप झालेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो स्पष्ट मांडला आहे: कोणाला सुखात ठेवलं, कोणाला दुःखात, मग तो विषम वागणारा आणि निर्दय नव्हे का? उत्तर असं की तो प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो; भात आणि जव वेगळे उगवतात ते बीज वेगळं म्हणून. हे उत्तर ईश्वराला शोभतं. माणसांच्या समितीला शोभत नाही, कारण तिचा पाऊस सगळ्या शेतांवर पडतच नाही. काही शेतं तिनं पाहिलेलीच नसतात. म्हणून वर्गात कोणी मुलगा म्हणायचा, "मॅडम, शेवटी सगळं नशीबच," तेव्हा मी त्याला तिथेच थांबवायची. नशीब म्हटलं की दात्याची जबाबदारी संपते. मतदारानं मत देण्याआधी बघितलं पाहिजे, ही अपेक्षा दैवावर सोडायची नसते. ती त्याच्याकडून वसूल करायची असते.

जाणकार दात्याकडून मिळालेला न्याय कसा दिसतो, याचं उदाहरण आमच्या कोल्हापूरचंच आहे. भानु अथैय्या, माहेरच्या राजोपाध्ये. 1983 साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. समोर 'ला त्राविआता'चा ऑपेराचा थाट होता, 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'चं झगमगतं पॅरिस होतं, आणि भानुताईंच्या पदरात मुख्यतः सुती कापड. दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या वकिलापासून पंच्यापर्यंतचा एका माणसाचा प्रवास, आणि भोवती दशकं ओलांडत जाणारा सगळा देश, हे कपड्यांतून दाखवायचं, आणि कपड्यांकडे लक्ष जाऊ द्यायचं नाही. नजरेत न भरणारं काम ज्यांनी पाहिलं, त्यांनी नीट पाहिलं होतं. त्याच रात्री 'गांधी'नं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक 'ई.टी.'पुढे जिंकलं. रिचर्ड ॲटनबरो यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं की 'ई.टी.' जिंकेल असंच नव्हे, तर तोच जिंकायला हवा, असं त्यांना वाटत होतं. जिंकलेल्या माणसानं स्वतःचा हक्क न सोडता समोरच्याची पात्रता मान्य करणं मला फार मोलाचं वाटतं. 'गांधी' माझ्या हृदयाजवळचा असूनही मी त्यांच्याशी सहमत आहे. भानुताईंनी 2012 साली आपलं ऑस्कर जपणुकीसाठी अकादमीकडेच सोपवलं आणि 2020 साली त्या गेल्या.

भाकितांबद्दल थोडं. कोण जिंकेल हे ओळखण्यात काही लोक पटाईत झाले आहेत. दिग्दर्शकांच्या संघटनेनं कोणाला निवडलं, निर्मात्यांच्या संघटनेनं कोणाला, यावरून ते ऑस्करचा अंदाज बांधतात आणि तो बरेचदा खरा ठरतो. पण यात अभ्यास होतो तो दात्यांचा, कर्माचा नाही. चित्रपट न पाहताही हे भाकीत करता येतं. माझ्या भाच्याला मी हेच सांगते, आणि हल्ली तो ऐकतो: कोण जिंकेल हा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. कोण जिंकायला हवं हा रकाना मात्र बघितल्याशिवाय भरू नकोस.

एप्रिल 2025 मध्ये अकादमीनं नियम केला: अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातल्या सगळ्या नामांकित कलाकृती मतदारानं पाहिलेल्या असल्या पाहिजेत. 2026 च्या, म्हणजे 98व्या सोहळ्यापासून तो लागू झाला. त्याआधी काही विभाग सोडले तर अशी सक्ती नव्हती. दात्याला कर्म ठाऊक असलं पाहिजे, ही अट शांकरभाष्यात बाराशे वर्षांपूर्वी येऊन गेली आहे. नियम अपुरा आहे. जे चित्रपट नामांकनापर्यंत पोचलेच नाहीत, ते पाहण्याची सक्ती तो करत नाही, आणि 'श्वास'सारख्यांचा प्रश्न नेमका तिथेच अडकतो. तरी तो योग्य आहे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक पारितोषिकानं तो जाहीरपणे स्वीकारावा.

वाचकांना माझी एक विनंती आहे. 'टू लेस्ली', 'द वुमन किंग' आणि 'टिल' हे तिन्ही चित्रपट बघा. 'टिल'मध्ये 1955 साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची आई न्यायालयात साक्ष देते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, तो प्रसंग लक्ष देऊन बघा. मग त्या वर्षीची एक जागा तुमच्या हातात असती तर कोणाला दिली असती, ते ठरवा. माझं मत डॅनिएल डेडवायलरला आहे.