उरीयाचं नाव

१७ डिसेंबर, आगमनकाळ
आजचं शुभवर्तमान : मत्तय १:१-१७



आजचं वाचन म्हणजे नुसती नावांची यादी. अब्राहामापासून प्रभू येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. चर्चमध्ये हे वाचन सुरू झालं की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. लहानपणी मीही त्यातलाच. पण नाताळच्या शेवटच्या आठ दिवसांची तयारी ख्रिस्तसभा नेमकी याच यादीने सुरू करते, तेव्हा त्यात काहीतरी असणार.

यादी पुरुषांची आहे. मध्येच बायका येतात : तामार, राहाब, रूथ. शेवटी पवित्र मरिया. यांच्याबद्दल प्रवचनांत आपण पुष्कळ ऐकलंय. परकी, बदनाम, गावाने नाव ठेवलेली माणसंसुद्धा देवाने आपल्या घरात घेतली, ही त्याची दया. खरंच आहे. पण यंदा मी अडकलो चौथीपाशी. बथशेबाचं नाव मत्तय लिहीतच नाही. तो तिला उरीयाची बायको म्हणतो.

उरीया कोण? दावीद राजाचा शिपाई. राजाने त्याची बायको घेतली आणि प्रकरण झाकण्यासाठी त्याला लढाईत ऐन धुमश्चक्रीत पुढे उभं करून मारवलं (२ शमुवेल ११). त्याचा प्रभूच्या वंशाशी रक्ताचा काही संबंध नाही. यादीत त्याचं नाव यायची गरजच नव्हती. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिटमध्ये जुना इतिहास पुसून स्वच्छ करून ठेवतो, कुणी काय चुका केल्या ते दिसू नये म्हणून. मत्तयालाही ते जमलं असतं. त्याने केलं नाही. तारणाऱ्याच्या वंशावळीत खून झालेल्या माणसाचं नाव तसंच राहिलं.

दाविदाला क्षमा मिळाली, हे विसरू नका. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, असं करणारा माणूस मेलाच पाहिजे म्हणाला, आणि नाथानाने सांगितलं की तो माणूस तूच. दाविदाने पाप कबूल केलं. देवाने ते दूर केलं. पण त्याच श्वासात नाथानाने हेही सांगितलं की तुझ्या घरातून तलवार जाणार नाही. म्हणजे दया झाली, आणि झालेलं झालेलंच राहिलं.

आपल्याकडे दया या शब्दाची जरा गडबडच आहे. ‘मला कुणाची दया नको’ असं आपण ताठ मानेने म्हणतो, कारण दया करणारा वर आणि घेणारा खाली, असं डोक्यात बसलंय. आणि क्षमा म्हणजे ‘जाऊ दे, काही झालंच नाही’. मला वाटतं दोन्ही चूक.

आमच्या वरवंडहून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी स्वतः भूक बघितली होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भीक मागायची लाज आणि मजुरीची सवय नाही, अशी त्या शास्त्र्यांच्या घराची गत झाली होती. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं काम पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. असं का करता, विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली (योहान ४). ती गोष्ट त्यांच्या काळजाला लागली.

त्या गोष्टीत प्रभू त्या बाईला तिचा भूतकाळ स्पष्ट सांगतो. पाच नवरे झाले, आताचा नवरा नव्हे. काही लपवत नाही. आणि तिच्याकडेच पाणी मागतो! वर बसून दया करणारा असं करत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली-बायका केडगावला आल्या, तेव्हा रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घालून बसवून ठेवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना शिकवला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्या बायकांनीच छापलं. आणि ज्यांना कुणीच घेत नव्हतं त्यांच्यासाठी वेगळं घर होतं. नाव कृपासदन. (आजही चौफुल्यावरच्या कला केंद्रांच्या पाट्या बघून डोळे मिचकावणारे पुरुष मी एसटीत बघतो. नाव बायकांनाच ठेवलं जातं, त्यांना नाही.)

हे सगळं आता का लिहितोय ते सांगतो. वडील गेल्यावर घरामागच्या चार गुंठ्यांच्या कागदावर एका नातेवाइकाने आईची सही घेतली. तिला वाचून दाखवलं ते वेगळं आणि कागदात होतं ते वेगळं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आता त्यांना लकवा झालाय. गेल्या आठवड्यात निरोप आला, नाताळला येऊ का.

मी आईला म्हणालो, सोडून दे ना आता, झालं गेलं. मला वाटलं मी फार ख्रिस्ती बोललो. ती करंज्यांसाठी खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, “बोलव भाऊजींना. आंघोळीचं पाणीसुद्धा मी तापवून देईन. पण माझ्यावर अन्याय झालाच नाही, असं मला म्हणायला लावू नकोस.”

माझ्या ‘सोडून दे’मध्ये दया नव्हती, आळस होता. मला घरात शांतता हवी होती आणि तिची किंमत आईने द्यावी असं मी ठरवून टाकलं होतं. आई मात्र दार उघडत होती आणि उरीयाचं नावही यादीत ठेवत होती.

आज रात्री मी त्यांना फोन करणार आहे. या म्हणेन. चार गुंठ्यांचा विषय मी काढायचा का, की त्यांनी काढेपर्यंत थांबायचं, ते अजून कळत नाहीये. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा.

प्रार्थना : हे प्रभो, तुझ्या पूर्वजांत तू कुणालाच लपवलं नाहीस. आम्ही ज्यांना दुखावलं त्यांची नावं आम्हाला विसरू देऊ नकोस, आणि ज्यांनी आम्हाला दुखावलं त्यांच्यासाठी दार उघडायला बळ दे. आमेन.