कोऱ्या रात्रींचा हिशेब

आमचं घर सँट्रीत. डब्लिनचा विमानतळ अगदी जवळ, त्यामुळे रात्रीही आकाश उजळलेलं. वर आयर्लंडचे ढग. इथे तारे बघायचा छंद धरणाऱ्याचं धाडसच म्हणायचं! पण इथून थोड्याच अंतरावर, रहीनीमध्ये, डेव्ह ग्रेनन या हौशी निरीक्षकाने घरामागच्या बागेतल्या दुर्बिणीतून सप्टेंबर २०१० मध्ये एक सुपरनोव्हा, म्हणजे आपल्या मराठीत अतिनवतारा, शोधला. आयर्लंडमधून सापडलेला हा पहिलाच. त्या स्फोटाचा प्रकाश सुमारे २९ कोटी वर्षं प्रवास करून इथे पोचला होता.

मी आय.टी. कन्सल्टंट. माझ्या प्रत्येक तासाला दर असतो. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो असा, की अशा माणसांच्या ज्या असंख्य रात्री काहीच न सापडता जातात, त्या वाया गेल्या म्हणायच्या का? फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करावं, हे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण त्यातही त्या रात्री निष्फळ होत्या हे आपण मान्य करूनच बसतो.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचे कुलुपं दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते घराच्या गच्चीवर नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेचे त्यांनी लागोपाठ फोटो काढले. त्यांत विशेष काही नव्हतं. पाऊण तासाने पुन्हा काढले, तर तिथे एक नवा ठिपका, आणि तो वाढत चाललेला! मग मोठ्या वेधशाळा कामाला लागल्या. त्यांनी वर्णपट घेतले, गणितं मांडली, आणि २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. फुटणाऱ्या ताऱ्याचा पहिलावहिला प्रकाश पकडला गेला होता. पण तो पहिलाच, हे कशावरून कळलं? आधीच्या त्या कोऱ्या फोटोंवरून! ते नसते, तर ठिपका नेमका कधी उगवला हे कुठल्याही मोठ्या दुर्बिणीला मागे जाऊन बघता आलं नसतं.

हे वाचलं आणि मला आईची आठवण झाली. आई नारायणगावला असते. दर रविवारी माझा फोन. “काय विशेष?” “विशेष काही नाही रे. तुमचं काय?” वर्षानुवर्षं हेच. मग एका प्रोजेक्टच्या गडबडीत माझे तीन रविवार हुकले. तेवढ्यात आईला अर्धांगाचा सौम्य झटका आला. डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं, “बोलणं जड कधीपासून झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं ते शेजारच्या काकूंनी. “मंगळवारी सकाळी नीट बोलत होत्या, दुपारी शब्द अडखळायला लागले.” काकू रोज वाटीभर आमटी घेऊन जायच्या, पाच मिनिटं बसायच्या. त्यांच्याजवळ सगळे कोरे दिवस जमा होते.

आई आता बरी आहे. उपचार डॉक्टरांनीच केले, ते काम काकूंचं नव्हे. तसंच तारा का फुटला हे सांगायला शास्त्रज्ञच लागतात. हौसेने ज्ञानाची जागा भरून निघत नाही. पण ‘काल नव्हतं, आज आहे’ हे सांगायला काल तिथे कोणीतरी असावं लागतं. परदेशात राहून आपण पैसे पाठवतो, चांगले डॉक्टर गाठून देतो, अडचणीला विमान पकडतो. मला वाटायचं, कर्तव्य म्हणतात ते हेच. आता वाटतं, काहीच न घडलेल्या रविवारी हजर असणं हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे.

परवाच्या रविवारी आई म्हणाली, “विशेष काही नाही.” मी म्हटलं, “असू दे, सांग.”