उसाच्या फडावरची भूशय्या

भारतीय धर्मपरंपरांनी जमिनीवर झोपण्याला जेवढे मोल दिले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शारीरिक कृतीला दिले असेल. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’ असणे, म्हणजे ज्याला आपले असे ठराविक घर नाही असे असणे, मोजले आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने भूमीवर निजावे आणि झाडाच्या बुंध्याशी राहावे असे विधान आहे. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना देशाच्या कडेला, झाडाखाली आयुष्य घालविण्यास सांगितले. आणि जैन मुनीला जे बावीस परीषह, म्हणजे समभावाने सोसावयाची कष्टे, सांगितली आहेत त्यांत ‘शय्या’ आणि ‘तृणस्पर्श’ ही दोन स्वतंत्रपणे येतात. या सर्व विधानांत गृहीत धरलेला मनुष्य असा आहे की ज्याच्याजवळ अंथरूण होते आणि त्याने ते सोडले. ज्याने अंथरूण सोडलेले नाही, तर ज्याला ते दरवर्षी गुंडाळून वाहनावर टाकावे लागते, त्याच्या भूशय्येला कोणते मूल्य द्यावयाचे, हा प्रश्न या ग्रंथांच्या वाचकाने टाळणे योग्य नाही. आणि बीड जिल्ह्यात तो टाळता येण्यासारखाही नाही.

बालाघाटाच्या डोंगररांगेतील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे जातात. ‘कोयता’ या शब्दाने येथे हत्यारच नव्हे तर नवरा-बायकोची जोडीही ओळखली जाते, कारण करार त्या जोडीशी होतो. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो, म्हणजे तोडीच्या मजुरीतून फेडावयाची आगाऊ रक्कम, आणि ती फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, भांडी, कोंबड्या, शेळी, वाकळा आणि लेकरे असा सगळा प्रपंच चढविला जातो आणि प्रवासाच्या रात्री त्याच सामानावर कलून काढल्या जातात. संन्यासी गृहस्थाश्रम मागे ठेवून निघतो, हा मात्र गृहस्थाश्रम उचलून बरोबर नेतो. चूल आणि मूल दोन्ही त्याच्याबरोबर उघड्यावर येतात. म्हणून त्याच्या भूशय्येचा विचार संन्यासधर्माच्या चौकटीत केला तर पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो.

तळावर पोहोचल्यावर जी ‘कोपी’ उभी राहते, म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटया, उसाचे पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद टाकून केलेली खोप, तिच्यातील निजण्याच्या जागेची निवड ही सूक्ष्म जाणकारीची गोष्ट आहे. तिला तात्त्विक भाषा देण्यासाठी बीड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) आपला पंचीकरणाचा विषय एका पासोडीवर लिहिला; पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाड सुती वस्त्र, आणि सुमारे चाळीस फूट लांबीचे ते लिखित वस्त्र अंबाजोगाईत जतन केलेले आहे. पंचीकरणाचा सिद्धान्त असा की जगात कोणतेही महाभूत शुद्ध रूपात सापडत नाही. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चारांचा प्रत्येकी आठवा भाग मिसळलेला असतो. निजण्यासाठी पृथ्वी निवडली की तिच्याबरोबर पाणी, तेज, वायू आणि आकाश ही चारही पदरात येतात, हे पांघरुणावर लिहिले गेलेले तत्त्व कोपी बांधणाऱ्याला हाताने ठाऊक असते.

नुकतेच पाणी दिलेल्या रानाजवळची काळी जमीन रात्री ओल सोडते, म्हणून मुरमाची किंवा किंचित उंचवट्याची जागा शोधावी लागते. पण उंचवट्यावर वारा लागतो आणि हिवाळ्यातील पहाटेचा वारा चटईच्या विणीतून सरळ आत येतो. अंथरुणाखाली पाचटाचा जाड थर घातला की त्यात अडकलेली हवा अंगाची ऊब जमिनीत जाऊ देत नाही, आणि कोणत्याही महाग गादीचे कामही याच तत्त्वावर चालते. परंतु तेच पाचट कडेने धारदार असते, त्याच्यात विंचू-सापाला लपण्यास जागा मिळते, आणि दाराशी मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीतील एक ठिणगी उडाली तर सगळी कोपी पेटते. प्लास्टिकचा कागद अवकाळी पाऊस अडवितो, पण माणसांच्या श्वासातील वाफही अडवितो, आणि पहाटे ती थेंब होऊन वाकळेवर गळते. रिकाम्या ट्रॉलीचे तळ कोरडे आणि सर्पभयापासून दूर असते, मात्र लोखंड अंगातील ऊब मातीहून झपाट्याने ओढून घेते, शिवाय ट्रॉली ज्या कामासाठी आलेली असते ते काम रात्री केव्हाही निघते. ही जाणकारी बहुधा बाईच्या हातात असते, कारण लेकराची झोळी कोठे बांधावयाची हे तिला ठरवावे लागते. परीषहांच्या यादीतील तृणस्पर्श, म्हणजे गवताच्या अंथरुणाचे टोचणे, येथे धर्मग्रंथाचा विषय राहत नाही. तो रोजच्या अंगावरचा ओरखडा असतो.

एवढ्या बारकाईने निवड करणाऱ्याजवळ मूळ निवड मात्र नसते. तळ कोठे पडेल हे कारखाना, मुकादम आणि शेतमालक ठरवितात, आणि झोप केव्हा संपेल हे गाडी केव्हा येईल त्यावर अवलंबून असते. भिक्षू आणि तोडकरी यांचे वर्ष विलक्षण जुळते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. जैन मुनींनी पावसाचे चार महिने आणि बौद्ध भिक्षूंनी त्यांतले तीन एका ठिकाणी राहून काढावेत आणि उरलेला काळ फिरावे असा नियम आहे. बीडचा तोडकरीही चातुर्मासात आपल्या गावी खरिपाच्या शेतात असतो आणि तो सरत आला की वाहनात चढतो. पंचांग एकच, पण एकाला ते व्रत म्हणून मिळाले आणि दुसऱ्याला पर्जन्यछायेने व कर्जाने नेमून दिले.

या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध बौद्ध संभाषण अंगुत्तरनिकायात आहे. आळवी गावाजवळच्या शिसवीच्या रानात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर बसलेल्या बुद्धांना हत्थक नावाचा राजकुमार विचारतो की त्यांना सुखाने झोप लागली का. हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी कठीण झालेली जमीन, पातळ अंथरूण आणि बोचरा वारा हे सर्व तो बोलून दाखवितो. बुद्ध सांगतात की जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी ते एक आहेत. आणि उलट विचारतात की उत्तम वाड्यात, मऊ बिछान्यावर निजणारा गृहस्थ राग, द्वेष, मोह यांच्या दाहाने जळत असेल तर तो सुखाने झोपेल काय. हा युक्तिवाद खरा आहे, त्याचे बळ मान्य केलेच पाहिजे, आणि तरीही फडाच्या कडेला तो अपुरा पडतो. तेथे झोप मोडणारा दाह आतल्या वासनेचा नसतो. उचलीची बाकी, अंधारात शौचाला जाण्याचे भय, भरावयाच्या गाडीचा हॉर्न, तापाने फणफणलेले लेकरू ही कारणे बाहेरची आहेत आणि चित्तशुद्धीने ती जात नाहीत. सर्वांत शेवटी निजून सर्वांत आधी उठणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर त्यांचा भार सर्वांत जास्त पडतो. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, तेव्हा विश्रांती, पाणी आणि आडोसा यांच्या अभावाची ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत आली. कोप्यांमध्ये ती आधीपासूनच सर्वांना माहीत होती.

या बाबतीत जैन दर्शनाने अधिक काटेकोर भेद केलेला दिसतो. निर्जरा म्हणजे जीवाला चिकटलेले कर्म झडून जाणे. ती स्वेच्छेने केलेल्या तपाने घडते, पण इच्छा नसताना सोसाव्या लागलेल्या कष्टांनीही काही अंशी घडते आणि तिला ‘अकाम निर्जरा’ म्हणतात. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धि’ या टीकेत पूज्यपादांनी तिचे उदाहरण म्हणून बंदिवासात जखडलेल्या माणसाची भूक, तहान, ब्रह्मचर्य आणि भूशय्या यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे बाहेरून पाहता मुनी आणि बंदी एकाच जमिनीवर एकाच रीतीने निजलेले असले तरी शास्त्राने त्यांना एक मानले नाही. पूज्यपादांसमोर कारागृह होते, उचल नव्हती; परंतु फेडल्यावाचून सुटता येत नाही असे ऋण हेही बंधनच आहे, आणि त्यामुळे तोडकऱ्याच्या भूशय्येला तप म्हणून गौरविणे हे त्या शास्त्राच्याच दृष्टीने चूक ठरेल. त्याच्या सोसण्याला अर्थ नाही असे येथे म्हणावयाचे नाही. त्या सोसण्याचे पुण्य सांगून त्याचे कारण झाकता येत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. व्यासपीठांवरून कष्टकऱ्याच्या साधेपणाची जी स्तुती वारंवार ऐकू येते ती नेमकी हा भेद पुसून टाकते.

परंपरेने निवडीचे स्वातंत्र्य किती जपले होते हे विनयपिटकातील देवदत्ताच्या प्रसंगातून कळते. सर्व भिक्षूंनी आयुष्यभर झाडाखालीच राहावे असा सक्तीचा नियम देवदत्ताने मागितला, आणि बुद्धांनी तो नाकारला. ज्याला हवे त्याने आठ महिने झाडाखाली राहावे, पण ते कोणावर लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. वारीतही हेच दिसते. पैठणहून निघणारी एकनाथमहाराजांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते तेव्हा दिंड्यांबरोबर ट्रक चालतात, त्यांत राहुट्या आणि वळकट्या असतात, आणि वारकरी रात्री जमिनीवर निजतो. पण वाटेवरची गावे त्याला ओसरी, पाणी आणि भाकरी देतात, कारण त्याच्या निजण्याची जबाबदारी आपली आहे असे ती मानतात. तसाच ट्रक, तशीच वळकटी आणि पुष्कळदा तीच माणसे कार्तिकात फडावर पोहोचतात तेव्हा ही जबाबदारी मानणारे कोणी नसते. 2021 मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे, परंतु ते गावी थांबणाऱ्या लेकरासाठी आहे. कोपीत निजणारी आई त्यात येत नाही.

भिक्षुसंघाने झोपण्याची जागा ही गोष्ट वैयक्तिक सहनशक्तीवर सोडली नव्हती. दब्ब मल्लपुत्त या अर्हताकडे शयनासने नेमून देण्याचे काम संघाने रीतसर सोपविले होते. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्या भिक्षूलाही तो स्वतः पुढे चालून जागेवर नेत असे, आणि तेथे मंचक, गादी व उशी कोठे आहे, शौचाची जागा कोणती, पिण्याचे पाणी कोणते आणि वापरावयाचे कोणते, बाहेर पडण्याची आणि परतण्याची वेळ काय, हे एकेक करून सांगत असे. साखर कारखान्याच्या रचनेत शेतकी अधिकारी असतो, तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय असतो, वजनकाट्यावर कारकून असतो आणि गाडी कोणत्या फडावर केव्हा लागेल याची नोंद ठेवली जाते. दब्बाच्या यादीतील गोष्टी, म्हणजे कोरडी उंच जागा, अंथरूण, शौचालय, पिण्याचे आणि वापरावयाचे वेगळे पाणी, आणि गाडी भरण्याची अशी वेळ की जिच्यानंतर रात्रीची झोप मोडणार नाही, या प्रत्येक तळावर मोजून देण्याचे काम ज्याच्या नावावर असेल असा माणूस त्या रचनेत नेमला जाणे आवश्यक आहे, आणि त्याच्या नोंदवहीवर कोयत्यातील बाईची सही असली पाहिजे.