सूर्य कुठे मांडायचा?

'टोकावडे' हे नाव जाड, गोलमटोल अक्षरांत लिहून पाहा. ट आणि ड यांना उभा दंड नाही. आखूड मानेने ते शिरोरेषेला लटकतात आणि खाली निवांत पोट सोडतात. क आणि व यांच्या अंगात आधीच एकेक गोल. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. त्याचं नावच गुबगुबीत अक्षरांसाठी घडल्यासारखं वाटतं. अशा रस्त्यावर रसवंती असो की खत-बियाण्यांचं दुकान, पाटी वाचली जाते ती धावत्या गाडीतून. म्हणून पेंटर अक्षर फुगवतो आणि मग त्याला शेड देतो.

शेड ही एक गोड थाप आहे. सपाट पत्र्यावरचं अक्षर म्हणतं, मला अंग आहे, मी उन्हात उभं आहे. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास छपाईच्या खिळ्यांतही हीच थाप उतरवली. जाहिरातींच्या गर्दीत नुसतं छापलेलं अक्षर दिसेनासं होऊ लागलं होतं.

देवनागरीत मात्र ही थाप जपून मारावी लागते. शिरोरेषेची सावली ट च्या मानेवर पडते. 'मुरबाड'मधला उकार नेमका तिथे बसतो, जिथे म ची सावली उतरायची असते. जाडी अक्षराच्या आतली जागा खाते, सावली बाहेरची. आणि आपण वाचतो ते रंगाइतकंच रिकाम्या जागेच्या आधारावर. ध च्या डोक्यावरची फट सावलीने बुजली, की 'धर'चं 'घर' व्हायला कितीसा वेळ?

मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मोदक' हा टंक या कसोटीला उतरतो. नावाप्रमाणेच गरगरीत. पोटातल्या पोकळ्या बारीक चिरांएवढ्या उरल्यात, पण त्या चिरा कुठे ठेवायच्या याचा विचार अक्षरागणिक झालेला दिसतो. म्हणून हाताचं ते खरं आणि संगणकाचं ते खोटं, ही वाटणी मला पटत नाही. फ्लेक्सवर एका क्लिकने आलेली सावली खटकते, कारण ती ट, ध आणि उकार सगळ्यांना एकच माप लावते. मध्ये कुणी थांबलेलंच नसतं. आणि घाईत रंगवलेल्या पाटीवरही हे होऊ शकतंच.

मेच्या मध्यावर या पट्ट्यात एका दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. रस्त्याकडेच्या खांबाची सावली खांबाच्याच पायात गडप होते. पाटीवरच्या अक्षरांची सावली मात्र उजवीकडे खाली पडलेलीच असते. खोटीच ती. पण चांगल्या पेंटरने आपला सूर्य पहिल्या अक्षरालाच ठरवलेला असतो, शेवटच्या अक्षरापर्यंत हलू दिलेला नसतो, आणि ध ची फट तेवढी उन्हात ठेवलेली असते.